इतिहासाला हात लावू द्या

मुलांना इतिहास शिकवायचा म्हणजे त्यांना काहीतरी ऐकवायचं, हा समज आता सोडायला हवा. शाळेत लढाया आणि सनावळ्या ऐकवतात, घरी व्हॉट्सॲप ऐकवतं आणि मोहल्ल्यातल्या जलशात कुणीतरी वकीलसाहेब 'आपण आठशे वर्षं राज्य केलं' हे ऐकवतात. आपण म्हणजे कोण? माझे पूर्वज विणकर. ते तख्तावर बसत नव्हते, तख्ताला कर भरत होते.

माझी मुलगी पाचवीत आहे. वर्गातल्या एका मुलाने तिला 'तुमच्या औरंगजेबाने...' अशी सुरुवात करून प्रश्न विचारला. 1707 साली वारलेल्या बादशहाचा हिशेब दहा वर्षांच्या पोरीकडे मागितला जातो, हा अन्याय आहेच. पण जलशातलं भाषण तिला पाठ करून दिलं, तर ती तो हिशेब स्वतःच्या अंगावर घेते. राज्य आपलं म्हटलं की जुलूमही आपलाच ठरतो. आरोप करणारे आणि अभिमान वाहणारे दोघेही तिला एकाच खुर्चीत बसवतात.

खुलताबाद म्हटलं की हल्ली एकच कबर आठवते. त्याच गावात मलिक अंबरची कबर आहे, तिथं कॅमेरे जात नाहीत. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला. 1624 मध्ये भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवलं. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते. ही लढाई हिंदू आणि मुसलमान अशा दोन रकान्यांत बसवून दाखवा!

त्यानेच 1610 मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. पुढे त्या गावाचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली तरी पाणी उताराचंच ऐकतं.

हा उतार मुलांना मोजू द्या. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक लेव्हल पाइप आणा, गवंडी वापरतात तोच. त्यात पाणी भरून दोन टोकं दोन मुलांच्या हातात द्या. आधी आपल्या गल्लीचा उतार काढा, वहीत आकृती काढा. मग पाणचक्कीला जा. ती मलिक अंबरची नव्हे, नंतरच्या काळातली. पण विद्या तीच. मोटार नाही, वीज नाही, तरी भिंतीतून पाणी वर कसं चढतं? हा प्रश्न मुलाने स्वतः विचारला की भूगोल, विज्ञान आणि इतिहास एकदमच सुरू होतात. 'कुणी बांधलं?' हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि मग मूल नकाशावर आपणहून इथिओपिया शोधतं.

औरंगाबाद लांब असेल तर घरातला सातबारा काढा, नसेल तर शेजाऱ्यांकडून मागा. मौजे, तालुका, जिल्हा, जमीन, वारस, हद्द: अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांखाली एका रंगाने रेघ मारायला सांगा. शेत, पीक, फेरफार यांना दुसरा रंग. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला होता, हेही त्याच वेळी सांगा. तरी तालुका टिकला. का टिकला, यावर मुलांना भांडू द्या. ते भांडण ऐकण्यासारखं असतं.

'यातून मार्क मिळणार नाहीत', असं पालक म्हणतील. हेच पालक आठ वर्षांच्या मुलाला कोडिंगच्या क्लासला घालतात. मी पोटासाठी कोडच लिहितो, म्हणून सांगतो, ती घाई नाही. आणि कुणी 'यासाठी एक ॲप बनवून द्या' म्हणालं, तर माझा नकार आत्ताच नोंदवून ठेवा. पडद्यावरची नहर बोटाने सरकवता येते, तिचं पाणी हाताला लागत नाही.

माझी खरी तक्रार आपल्या संस्थांबद्दल आहे. दरवर्षी दहावी-बारावीच्या सत्कारासाठी हॉल, मंडप, शाली, ट्रॉफी यांचा खर्च निघतो. सहलीचा विषय काढला की फंड नसतो. शिवाय सहल निघालीच तर बस फक्त आपल्या मुलांनी भरतो. मग तो 'तुमच्या औरंगजेबाने' म्हणणारा मुलगा पाणचक्की कधी बघणार? पाइपचं दुसरं टोक त्याच्या हातात द्यायला हवं. त्याच्या आईवडिलांना विचारायला आपण जायचं, आणि ते नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात परत जायचं. यंदाच्या सत्काराचं बजेट मांडाल तेव्हा ट्रॉफीच्या ओळीवर काट मारा आणि तिथं लिहा: लेव्हल पाइप, मीटरपट्टी, नकाशाचे कागद, एसटीची चाळीस तिकिटं.