जहाजावरची चूल

आमच्या अहिल्यानगरहून (तोंडात अजून ‘नगर’च येते!) समुद्र पाहायचा तर आधी सह्याद्री उतरावा लागतो. तरीही कॉलेजात मराठी शिकवणारा हा गृहस्थ घरात जहाजे बांधतो. खराट्याचे हीर डोलकाठ्या होतात, जुन्या धोतराची शिडे होतात आणि सौभाग्यवती कपाळाला हात लावते. दिवाळीत मात्र माझा भाव वधारतो. आळीतली मुले मातीचा सिंधुदुर्ग करतात. त्याभोवतीच्या परातभर समुद्रासाठी गुराबा आणि गलबते मी पुरवतो.

यंदा एक परदेशी जहाज केले. १८४१ साली अमेरिकेत बांधलेले ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’, तिथल्या मिस्टिक गावी ते आजही जपून ठेवले आहे. त्याच्या डेकवर मी विटांची चूल रचू लागलो, तेव्हा धाकटी कन्या म्हणाली,

“बाबा, लाकडी जहाजावर चूल? स्वयंपाकाला?”

“नाही ग. देवमासे मारून त्यांची चरबी कढवायला. त्या तेलावर तिकडे दिवे जळत.”

पोरीने हातातली पणती खाली ठेवली. “पण त्याच्या नावात देव आहे ना?”

जन्मभर समास शिकवले. या समासाचा विग्रह मात्र मला सांगता येईना.

पुढे दिव्यांना घासलेट मिळाले, पण शिकार थांबली नाही. १९६६ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे दिवाळी होती. त्याच महिन्यात सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात पाठीवर कुबड असलेले २३८ देवमासे मारले आणि ही गोष्ट लपवली. ती उघडकीस आली १९९० नंतर. या जातीचे इतर समुद्रांतले भाऊबंद ऋतूप्रमाणे दूरदूर जातात. हे आपला समुद्र सोडत नाहीत. आज ते शंभरही नसावेत, असा अंदाज आहे.

दुसरी दिवाळी २०२३ ची. गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिल्लू अडकले. ऐन सणात गावकरी आणि वनखात्याची माणसे त्याच्यासाठी पाण्यात उतरली. मोठ्या खटपटीनंतर ते समुद्रात सोडले गेले. बिचारे जगले नाही. पण समासाचा विग्रह त्या माणसांना बरोबर साधला, असे मला वाटते.

मॉर्गनवरची चूल मी ठेवली आहे. झाले ते पुसू नये. मात्र ते जहाज कपाटावरच राहिले. कन्येच्या हुकमावरून उरलेल्या सागाचा एक देवमासा कोरावा लागला. तो परातीत तरंगतो आहे, आणि आमचे आरमार त्याला वळसा घालून जाते.