द्राक्षाला कात्री, वडाला कोयता

मे महिना अर्धा सरला की शहरांत छाटणीचा हंगाम सुरू होतो. नालेसफाई, धोकादायक इमारतींना नोटिसा आणि झाडांची छाटणी ही पालिकांची पावसाळ्यापूर्वीची ठरलेली कामं. नालेसफाईवर निदान ओरड तरी होते. गाळ किती काढला, कुठे टाकला, असं विचारणारे नगरसेवक असतात. छाटणीबद्दल कुणी काही विचारत नाही. सकाळी ट्रक येतो, चार जण उतरतात, दुपारपर्यंत पर्जन्यवृक्षाचा नुसता खांब उरतो आणि सोसायटीचे सेक्रेटरी ‘चला, पावसाळ्याची चिंता मिटली’ म्हणत जेवायला घरी जातात.

चिंता मिटलेली नसते, तीन-चार वर्षं पुढे ढकललेली असते. शेंडे उडवलेलं झाड सहसा लगेच मरत नाही. पानं गेल्यामुळे अन्न तयार होणं थांबतं, मग ते साठवणीतलं पिष्ट खर्चून सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून भराभर धुमारे फोडतं. दोन पावसाळ्यांत झाड पुन्हा हिरवंगार दिसतं आणि बघणारा म्हणतो, ‘बघा, छाटल्यावर कसं जोमानं फुटलं!’ तो जोम नव्हे, नाइलाज आहे. मूळची फांदी खोडात थरावर थर चढत आतपर्यंत रुजलेली असते, तर हे धुमारे वरवरच्या थराला चिकटलेले असतात. शिवाय त्यांच्या पायाशी तो ताटाएवढा उघडा काप कुजत असतो. धुमारे मनगटाएवढे झाले की वळवाच्या पहिल्या तडाख्यात खाली येतात. मग पुन्हा ट्रक, पुन्हा चार जण.

आता हाच महाराष्ट्र नाशिककडे कसा वागतो ते बघा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या होतात, एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी. गोडी छाटणीआधी बागायतदार काडीचे डोळे प्रयोगशाळेत तपासून आणतो, घड कितव्या डोळ्यात आहे ते बघून काप कुठे घ्यायचा ते ठरवतो. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या हे काम करतात. त्यांतल्या अनुभवी माणसाच्या हातातली कात्री एका डोळ्याचीही चूक करत नाही, कारण चूक झाली तर घड जातो आणि मालक बांधावरच उभा असतो. कोकणात जुन्या हापूसच्या कलमांचं पुनरुज्जीवन करताना मधली फांदी काढून झाडाच्या पोटात ऊन पोचवतात, तिथेही कुठली फांदी ठेवायची यावर तासभर खल होतो. म्हणजे झाड कसं कापावं हे आपल्याला कळत नाही, असं मुळीच नाही. पीक देणाऱ्या झाडावर चुकीचा काप पडला की कुणाचे तरी पैसे बुडतात. रस्त्यावरच्या वडावर चुकीचा काप पडला तर कुणाचंच काही बुडत नाही. माझ्या मते या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, अज्ञानात नाही.

पैशाचंच बोलायचं तर बऱ्याच सोसायट्यांत ठराव असा असतो: झाडामागे अमुक रुपये, लाकूड कंत्राटदाराचं. या बोलीत त्याचा फायदा जाड, ओल्या, निरोगी फांदीत आहे. वाळकी, खरोखर धोक्याची काटकी त्याच्या काय कामाची? ती वर तशीच राहते आणि जूनमध्ये कुणाच्या तरी गाडीवर पडते.

मध्यंतरी एका वसाहतीत जाणत्या वृक्षतज्ज्ञाचं काम बघायचा योग आला. आपल्याकडे अशी माणसं मोजकी आहेत. जागतिक पातळीवर वृक्षतज्ज्ञांची संस्था 1924 पासून आहे, तिची परीक्षा असते, प्रमाणपत्र असतं. आपल्याकडे मात्र झाडावर चढणाऱ्याला ‘तो झाडवाला’ म्हणून मोकळे. या झाडवाल्याने पहिला पाऊण तास झाडाला हातही लावला नाही. नुसता फेऱ्या मारत होता. बुंध्याजवळची माती भेगाळली आहे का, झुकाव जुना की ताजा, मुळाशी अळिंबीची कवचं फुटली आहेत का, हे त्याने पाहिलं. मग लाकडी हातोडीने बुंधा ठोकत गेला, भिंतीतला पोकळ भाग शोधावा तसा. एका जागी आवाज बदलला. बघ्यांपैकी एक जण लगेच म्हणाले, ‘म्हणजे पोकळ आहे. पाडूनच टाका.’ त्याने मान हलवली. पोकळ झाड पडतंच असं नाही. भोवतालच्या निरोगी लाकडाचं कवच पुरेसं जाड असलं तर ते वर्षानुवर्षं उभं राहतं. ढोलीत सिमेंट भरायची मात्र चूक करू नका, असं त्याने बजावलं. झाड वाऱ्याने हलतं, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या फटीत पाणी मुरून कूज वाढते. (आणि पोपट-पिंगळे बेघर होतात ते वेगळंच.)

नंतर वजनाची छोटी पिशवी बांधलेली बारीक दोरी वर भिरकावून त्याने फांदीवरून ओवली, तिच्यामागून जाड दोर ओढून घेतला आणि शिरस्त्राण चढवून वर गेला. करवत चालवण्याआधी कमरेचा दुसरा पट्टा खोडाला आवळला, कारण करवत चुकून दोराला लागली तर माणूस लटकायला दुसरा आधार हवा. काप तीन घेतले. पहिला खालून, खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्याही थोडा बाहेर. फांदी या दोन कापांच्या मध्ये मोडते आणि खोडाची साल ओरबाडत खाली येत नाही. ती धप्पकन पडलीच नाही. खाली उभ्या सहकाऱ्याने दोराला बुंध्याभोवती दोन वेढे दिले होते. चौकीदाराची केबिन आणि तीन मोटारी वाचवत त्याने फांदी हळूहळू जमिनीवर उतरवली. तिसरा काप उरलेल्या खुंटीचा, आणि खरं कसब त्यातच. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. काप त्या कड्याच्या किंचित बाहेर हवा. खुंटी लांब ठेवली तर ती मरते आणि कूज आत घेऊन जाते, अगदी खोडाला चोपून कापलं तर खोडाचंच लाकूड उघडं पडतं.

हे कडं का महत्त्वाचं, ते दाखवून दिलं अ‍ॅलेक्स शिगो यांनी. अमेरिकेच्या वनसेवेतला हा शास्त्रज्ञ. साखळी-करवत हाती आल्यावर त्यांनी हजारो झाडं आडवी नव्हे, उभी चिरून बघितली, आणि कूज आत कशी पसरते, कुठे अडते ते नोंदवलं. निष्कर्ष साधा होता: माणसाची जखम भरून येते तशी झाडाची भरत नाही. झाड खराब भागाभोवती आतून भिंती उभारून त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. कड्यावर काप पडला की या भिंतींची सगळ्यात मजबूत जागाच आपण तोडतो. जखमेवर डांबर किंवा रंग लावल्याने कूज थांबत नाही, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं. या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षं होऊन गेली, तरी आपल्याकडे छाटणीनंतर ऑइलपेंटचा डबा निघतोच. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत बोर्डो पेस्टचं स्थान वेगळं आहे, त्यात मी तोंड घालत नाही. रस्त्यावरच्या पिंपळाला लाल रंग फासून मात्र फक्त कंत्राटदाराचं बिल सजतं.

दुपारी दीडला काम संपलं तेव्हा खाली ढीग जेमतेम हातगाडीभर होता: वाळकी लाकडं, दुसरीवर घासणारी एक फांदी आणि बेचक्यात चिरलेली एक. सेक्रेटरींचा चेहरा पडला. ‘एवढ्याच? पैसे तर पुरे घेतलेत.’

‘काका,’ तो दोर गुंडाळत म्हणाला, ‘जास्त पाडायच्या असत्या तर कमी पैशांत झालं असतं.’

झाडांची काळजी घेणारे हौशी लोकही आता पुष्कळ आहेत. पुण्यातल्या ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेची खिळेमुक्त झाडांची मोहीम बऱ्याच शहरांत पोचली. सुटीच्या सकाळी पकड आणि कटावणी घेऊन तरुण मुलं क्लासच्या जाहिरातींचे खिळे उपटत असतात. त्यांचं कौतुक आहेच, पण एक सांगायला हवं. खिळ्यापेक्षा तार वाईट. खिळ्याची जखम जागच्या जागी राहते, तर खोडाभोवती आवळलेली तार किंवा दिव्यांची माळ सालीतून खाली मुळांकडे जाणाऱ्या अन्नाची वाटच बंद करते. तीच गोष्ट लोखंडी पिंजऱ्यांची. रोपाला जनावरांपासून वाचवायला म्हणून जाळी लावतात, तिच्यावर देणगीदाराचं नाव असतं, आणि दहा वर्षांनी झाडाने ती जाळी निम्मी गिळलेली असते. नाव वाचता येतं, जाळी काढता येत नाही. तेव्हा आधी तारा तोडा, जाळ्या वेळेवर काढा, खिळे मागाहून.

मुळांचं काय? बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातात. केबलसाठी पदपथालगत चर खणला की एका बाजूची मुळं साफ तुटतात, आणि पुढच्या पावसात झाड नेमकं विरुद्ध बाजूला कलतं. 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपल्या पदपथांवर फरशी आजही बुंध्याला भिडलेली सापडते.

झाडप्रेमींना हे आवडणार नाही, पण प्रत्येक छाटणीला विरोध हीही काळजी नव्हे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. बुंधा सडलेला गुलमोहर शाळेच्या फाटकाशी उभा असेल तर तो काढायलाच हवा, तिथे गळ्यात फलक अडकवून उभं राहण्यात अर्थ नाही. 2017 च्या जुलैत चेंबूरला नारळाचं झाड कोसळून एका महिलेचा जीव गेला, त्याची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. नारळाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचं खोड एकदा बनलं की बनलं, वडा-आंब्यासारखं वर्षागणिक नवं लाकूड चढत नाही. म्हणून चढण्यासाठी पाडलेल्या खाचा जन्मभर तशाच राहतात, आणि अशा जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो. नारळ विकास मंडळाने 2011 पासून यंत्रावरून चढणाऱ्यांना शिकवायला सुरुवात केली. नारळाला शिकलेला माणूस मिळाला, कारण नारळाला भाव आहे. पुन्हा तेच.

कायदा आहे, आणि वाईट नाही. नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1975 चा अधिनियम ‘झाड तोडणे’ या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरतो. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं. पण अंमल होतो तो झाड उभं आहे की आडवं, एवढ्याच प्रश्नावर. मुंबईच्या गेल्या वृक्षगणनेत 29 लाखांहून अधिक झाडं मोजली गेली. त्या मोजणीत डेरेदार पर्जन्यवृक्षही एक आणि खांब झालेलाही एकच. छाटणीची परवानगी देणारा कागद किती झाडं ते सांगतो. कुठली फांदी, किती जाड, कुठून कापायची, हे त्यावर बहुधा नसतं. ते लिहायला लावायला कायदा बदलायची गरज नाही, अर्जाचा नमुना बदलला तरी भागेल. दुसरं म्हणजे लाकूड आणि मजुरी यांची फारकत करावी. फांद्या पालिकेने नेऊन त्यांचा भुसा करून बागांत पसरावा, कंत्राटदाराला फक्त कामाचे पैसे द्यावेत. आणि पाहणी डिसेंबरात व्हावी. मे महिन्यात कावळे घरट्यांत असतात. कावळ्याचं घरटं कुठल्या झाडावर आहे यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसं आपण, तेच झाड त्याच महिन्यात भादरतो.

या आठवड्यात तुमच्या सोसायटीत छाटणीचा विषय निघणार, हे गृहीत धरतो. दर विचारण्याआधी कंत्राटदाराला झाडाखाली उभं करून तीन प्रश्न विचारा: यातली कुठली फांदी काढणार, का काढणार, आणि काप कुठे घेणार? एका वेळी झाडाची पाव पानंही जाता कामा नयेत, हे ठरावात लिहा. ‘वरून सगळं साफ करतो साहेब’ असं उत्तर आलं, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.