करवतीचे पैसे मोजलेत, भुशाचे कोण मोजणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि थोडी कडू आहे. चहा घेऊन बसा.

गणपती दोन महिन्यांवर आले की आपल्या ग्रुपवर फोटो सुरू होतात. "यंदा मखर घरीच!" "अहोंनी बेसमेंटमध्ये देव्हारा केला!" फोटोत अहो, टेबल सॉ, देव्हारा आणि शेजारी हसत उभी दोन पोरं, केसांवर भुसा. खाली दीडशे बदाम. त्यातला एक माझाही असतो.

पण हल्ली मला त्या फोटोत देव्हारा नंतर दिसतो. पोरांच्या केसांवरचा भुसा आधी दिसतो, आणि राग येतो. सगळ्यात आधी स्वतःचाच येतो, म्हणून माझ्यापासूनच सुरुवात करते.

मी सीए. आर्टिकलशिप पुण्यात, गेली पंधरा वर्षं न्यू जर्सीत. लोकांनी हिशोबात काय लपवलंय ते शोधणं हे माझं पोट. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने बेसमेंटमध्ये सुतारकाम करायचं ठरवलं आणि मला खूश करायला रीतसर एक्सेल शीट बनवून आणली. टेबल सॉ, सँडर, शिकंजे, टेबल. शेवटची ओळ होती, 'धूळ ओढायची व्यवस्था, ३८० डॉलर.' मी ती ओळ खोडली. "घरात झाडू आहे की," म्हटलं. तोही हसला, मीही हसले.

पहिल्याच हिवाळ्यात फर्नेसचा फिल्टर काढला. एरवी तीन महिने चालणारा फिल्टर पाच आठवड्यांत पिवळट थराने भरला होता, बेसन चाळल्यासारखा. त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर लेकीच्या टेबलावर बोट फिरवून बघितलं. तीच पूड. लेकीला तेव्हा खोकला होता. तो भुशामुळेच होता असं डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही. पण जी ओळ मी खोडली होती, ती तिच्या खोलीत येऊन बसली होती.

बेसमेंट म्हणजे वेगळी इमारत नाही. आपली घरं एकाच पाइपातून श्वास घेतात. फर्नेस खालची हवा ओढतो आणि वरच्या बेडरूममध्ये सोडतो. हिवाळ्यात खिडक्या बंद, म्हणजे तीच हवा पुन्हा पुन्हा. छंद एकाचा, फुप्फुसं सगळ्यांची.

आता आपली नेहमीची उत्तरं बघू. सगळी मी स्वतः दिलेली आहेत.

"गावाकडच्या आपल्या सुताराला काय झालं?" अहो, तो अंगणात बसायचा, मोकळ्या आभाळाखाली. हातात रंधा आणि हातकरवत. रंध्यातून सालपटं निघतात, ती खाली पडतात. आपला सँडर मिनिटाला हजारो फेऱ्या मारतो आणि लाकडाचं पीठ करतो. आणि खरं सांगा, त्या सुताराला पुढे काय झालं हे आपल्याला माहीत तरी आहे का? आपण मजुरी दिली आणि विसरलो.

"मी रोज झाडतो." जमिनीवर दिसतो तो भुसा त्यातल्या त्यात बरा. खरा त्रास न दिसणाऱ्या धुळीचा आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनच्या खालची धूळ हवेत तासन्‌तास तरंगते आणि श्वासाबरोबर खोल जाते. कोरडा झाडू मारला किंवा कॉम्प्रेसरने फुंकलं की बसलेली धूळ पुन्हा उठते.

"मी मास्क लावतो." छान. कापडी असेल तर काढून टाका. एन९५ किंवा पी१०० असेल तर उत्तम, पण दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि कडेने हवा शिरते. शिवाय मशीन बंद झालं की आपण मास्क काढतो; धूळ मात्र अजून हवेतच असते. आणि तुमचा मास्क फक्त तुमचा. वर अभ्यास करणाऱ्या पोरीला कुणी लावलाय?

"रविवारचे दोन तास तर असतात." मान्य. कारखान्यात आयुष्यभर काम करणाऱ्याएवढा धोका आपल्याला नाही, उगाच घाबरवणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. नाकाचा आणि सायनसचा कर्करोग. दुर्मिळ, पण आहे. दमा आणि अ‍ॅलर्जीला तर एवढी वर्षं लागत नाहीत. वेस्टर्न रेड सीडर दम्यासाठी बदनाम आहे. आपलं लाडकं शिसम आणि सागवानही काहींच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही. एमडीएफमध्ये धुळीबरोबर फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो.

कारखान्यात कामगारासाठी कायदा असतो, तपासणी असते. घरच्या बेसमेंटमध्ये मालक तुम्ही, कामगार तुम्ही, इन्स्पेक्टरही तुम्हीच. ऑडिटमध्ये आम्ही हेच आधी बघतो: जो पैसे खर्च करतो तोच तपासतो का? तसं असेल तर घोळ नक्की असतो. म्हणून माझं म्हणणं आहे की धुळीची तपासणी घरातल्या दुसऱ्या माणसाने करावी. काम संपल्यावर तासाभराने खाली जा, दिवे बंद करा, टॉर्च लावा. झोतात कण नाचताना दिसले तर पास नाही. आणि फर्नेसचा फिल्टर दर महिन्याला काढून बघा.

पैशाचं बोलते, कारण आपण सगळे तिथेच अडतो. आमची खोडलेली ओळ आम्ही शेवटी अशी भरली. मशीनलाच जोडायचा शॉप व्हॅक्यूम, त्यात बारीक धुळीची पिशवी आणि हेपा फिल्टर, मध्ये भुसा पाडायचा सायक्लोन: २४० डॉलर. साध्या फिल्टरचा व्हॅक्यूम एका बाजूने ओढतो आणि दुसऱ्या बाजूने तीच बारीक धूळ सोडतो, हे लक्षात ठेवा. साधा बॉक्स फॅन आणि चार एमईआरव्ही १३ फिल्टर चिकटपट्टीने जोडून केलेली हवा गाळायची पेटी: ९५ डॉलर. पी१०० चा अर्धा मास्क: ३५ डॉलर. एकूण ३७०. त्याच्या शीटपेक्षा १० डॉलर कमीच. टेबल सॉ ६५० ची होती, ती मी एका मिनिटात मंजूर केली होती, कारण ती फोटोत दिसते.

फुकटचे उपायही आहेत. सँडिंग बाहेर करा, ड्राइव्हवेवर किंवा डेकवर, हवा चांगली असेल तेव्हा. कामाचे कपडे खालीच काढा. मशीन चालू असताना आणि नंतर दोनेक तास मुलांना खाली येऊ देऊ नका. पूड ओल्या फडक्याने पुसा.

काही गोष्टी मात्र जुगाडाने करू नका. बेसमेंटमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा मनाने बसवू नका. हीटरचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड उलटा घरात येऊ शकतो. आधी हीटिंगवाल्याला विचारा, आणि बेसमेंटमधल्या हवा ओढणाऱ्या जाळीचं काय करायचं तेही त्यालाच विचारा. ज्योतीजवळ भुसा साठू देऊ नका. जवसाच्या तेलाचं पॉलिश केलेलं फडकं गोळा करून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेटतं. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा. कुणी काढून टाकलेल्या जुन्या डेकची फळी फुकट मिळाली तर घेऊ नका. २००४ च्या आधी त्या लाकडात आर्सेनिक भरायचे.

छंद बंद करा असं मी म्हणत नाहीये. आमच्या घरी यंदाही मखर खालीच होतंय, आणि लेक रंधा शिकतेय. त्याने मला सारखं सालपट दाखवायला आणते.

मी म्हणतेय एवढंच: धुळीचा खर्च हा करवतीच्याच किमतीचा भाग आहे. तो परवडत नसेल तर करवतही परवडत नाही. हातरंधा घ्या, हातकरवत घ्या, देव्हारा तरीही होतो. न दिसणारा खर्च खोडला म्हणून तो संपत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या नावावर चढतो, आणि आपल्या घरात ते नाव बहुतेक वेळा सर्वांत लहान माणसाचं असतं.

यंदा मखराचा फोटो जरूर टाका. पण शेजारी फर्नेसच्या फिल्टरचाही टाका. बदाम त्यालाच देईन.