नेटवर्क अॅनालायझर आणि आदेशांची भाषा : प्रॅक्टिकल खरं कधी होतं?

अँटेना, फिल्टर किंवा केबल तपासायची झाली की नेटवर्क अॅनालायझर लागतो. हे यंत्र एका पोर्टमधून सिग्नल पाठवतं आणि त्यातला किती परत आला, किती पलीकडे पोहोचला ते मोजतं. परत आलेल्या भागावरून एस-११ मिळतो, पलीकडे गेलेल्यावरून एस-२१. हे पुस्तकात आहेच. प्रश्न प्रॅक्टिकलचा आहे.

बऱ्याच लॅबमध्ये असं यंत्र एकच असतं. मुलं भोवती उभी राहतात, एक जण बटणं दाबतो, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. जर्नल पूर्ण होतं, सहीही मिळते. पण मोजमाप नक्की कोण शिकलं? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक विद्यार्थ्याने कॉम्प्युटरवरून आदेश देऊन हे यंत्र एकदा तरी चालवलंच पाहिजे.

यात नवीन काही नाही. ह्यूलेट-पॅकार्डने तयार केलेली यंत्रं जोडण्याची पद्धत १९७५ मध्ये आयट्रिपलई ४८८ या नावाने स्टँडर्ड झाली. १९९० मध्ये एससीपीआय, म्हणजे 'स्किपी', ही आदेशांची सामाईक भाषा आली. आज यूएसबी किंवा लॅनची केबल आणि पायथॉनच्या दहा-पंधरा ओळी पुरतात.

पहिला आदेश '*आयडीएन?'. याचा अर्थ, "तू कोण?" यंत्र कंपनी, मॉडेल आणि नंबर सांगतं. मग सुरुवातीची फ्रिक्वेन्सी, शेवटची फ्रिक्वेन्सी आणि किती बिंदू हवेत ते कळवायचं. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर यंत्र उत्तर देतं, नसेल तर गुपचूप काम करतं.

खरी गंमत पुढे आहे. समजा २०१ बिंदू आहेत आणि आयएफ बँडविड्थ १० हर्ट्झ ठेवली. एका बिंदूला साधारण ०.१ सेकंद, म्हणजे पूर्ण स्वीपला २० सेकंद लागणार. पायथॉनची पायव्हिसा लायब्ररी मात्र काही न सांगितल्यास दोनच सेकंद वाट पाहते. स्वीप संपायची वाट पाहताना एरर येते आणि मुलं म्हणतात, "सर, मशीन बिघडलं!" मशीन ठणठणीत असतं. उलट वाट न पाहता डेटा मागितला, तर आधीच्या स्वीपचे आकडे हातात पडू शकतात, आणि एररसुद्धा येत नाही! म्हणून एकच स्वीप सुरू करायचा, '*ओपीसी?' विचारायचं, म्हणजे "झालं का?", उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यायचा आणि मगच डेटा घ्यायचा. बँडविड्थ, बिंदू आणि वेळ यांचं नातं असं एकदा अडखळल्यावर जेवढं पक्कं होतं, तेवढं फळ्यावर लिहून होत नाही.

काही शिक्षक म्हणतील, मुलं प्रोग्रामही एकमेकांचा उतरवतील. उतरवतील की! पण उतरवलेल्या रीडिंगबद्दल वायव्हात विचारण्यासारखं फारसं काही नसतं. प्रोग्राममधली एक ओळ बदलायला सांगा, "आता काय होईल?" असं विचारा, म्हणजे समजलंय की नाही ते लगेच कळतं. शिवाय मोजमाप कोणत्या सेटिंगवर घेतलं याची नोंद प्रोग्राममध्ये आपोआप राहते.

एक अट मात्र हवी. ओपन, शॉर्ट, लोड आणि थ्रू जोडून कॅलिब्रेशन आधी हाताने करायचं. कनेक्टर किती घट्ट करायचा हे कुठलाही आदेश शिकवत नाही. कॅलिब्रेशन चुकलं तर प्रोग्राम तीच चूक शंभर वेळा इमानदारीने करत राहील.

महागडं यंत्र नसेल तरी अडत नाही. नॅनो-व्हीएनए हे खिशात मावणारं स्वस्त यंत्रही यूएसबीवरून साधे आदेश घेतं. त्याचे आदेश स्किपीचे नाहीत, पण विचारायचं, थांबायचं आणि मग वाचायचं ही शिस्त तीच आहे. ती अंगी लागली, तर जर्नलमधला आकडा खऱ्या अर्थाने तुमचा असेल.