निद्रेतील नेत्रशूल आणि आपली प्रश्नपरीक्षा

‘रात्री झोपेत डोळा एकाएकी दुखतो, त्या वेदनेने जाग येते, सकाळी मात्र काही राहत नाही.’ अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा दोन-तीन ठिकाणी जाऊन आलेला असतो. चष्म्याचा क्रमांक तपासलेला असतो, डोळ्यांतील दाब मोजलेला असतो आणि ‘डोळ्यांत दोष नाही’ असा शेरा मिळालेला असतो. कोणी मनावरील ताणाकडे बोट दाखवितो. आपल्यापैकी कोणी ‘उष्णता वाढली आहे’ एवढेच सांगून तळपायांना काशाच्या वाटीने तूप चोळण्यास सांगतो. रुग्ण घरी जातो आणि रात्र झाली की त्याला झोपेचीच भीती वाटू लागते.

या वेदनेस ‘अकारण’ म्हणण्याची आपल्याला घाई होते, असे माझे स्पष्ट मत आहे. व्याधी रात्री तीन वाजता प्रकट होतो आणि आपण रुग्णास सकाळी अकरा वाजता तपासतो. कारण सापडत नाही ते बहुतांशी या अंतरामुळे. वास्तविक काळ हे निदानाचे साधन आहे, हे आपणास नव्याने शिकण्याची गरज नाही. संप्राप्तीच्या भेदांत काळाची गणना आहे आणि दोषांचे अहोरात्रातील काळ तर आपण पहिल्या वर्षीच पाठ केलेले असतात. परंतु पाठ केलेले प्रत्यक्ष रुग्णास विचारले जात नाही.

या तक्रारीमागे वारंवार आढळणारे एक कारण प्रथम पाहू. कृष्णमंडलाच्या पुढील पारदर्शक पटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, सर्वांत वरचा थर काही रुग्णांत खालच्या थराला घट्ट चिकटलेला नसतो. झोपेत अश्रूंचे स्रवण मंदावते आणि डोळा कोरडा पडतो. मग पापणीची आतील बाजू त्या सैल थराला चिकटते. स्वप्नावस्थेत बुबुळ हलले किंवा जागे होताना पापणी झटकन उघडली, की तो थर सोलून निघतो. रुग्णास आत खडा घुसल्यासारखी किंवा पाते फिरल्यासारखी वेदना होते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. जखम लहान असेल तर काही तासांत भरूनही येते आणि दुपारच्या तपासणीत डोळा निर्दोष दिसतो. पाश्चात्त्य वैद्यकात या विकाराचे वर्णन 1872 पासून आहे. तरीही तो आजही निसटतो, कारण पूर्वीच्या इजेचा आणि आजच्या वेदनेचा संबंध रुग्णाच्या ध्यानी येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मातेला तान्ह्या बाळाचे नख डोळ्यास लागले होते आणि त्यास सात महिने झाले होते. उसाचे पान, कागदाची कड, केरसुणीची काडी एवढेही निमित्त पुरते. काहींत इजेविनाच, जन्मजात प्रवृत्तीमुळे, हा थर सैल असतो.

म्हणून प्रश्नपरीक्षेत पुढील गोष्टी यावयास हव्यात. वेदना जागे होताना व पहाटे होते, की झोप लागल्यावर एक-दोन तासांनी? ती काही मिनिटे टिकते की काही तास? नेहमी एकाच डोळ्यात होते काय? त्या डोळ्यास पूर्वी काही लागले होते काय? झोपेत पापण्या पूर्ण मिटतात काय? हे शेवटचे रुग्ण स्वतः सांगू शकत नाही. घरच्या माणसाने मंद प्रकाशात पाहून सांगावयाचे असते. पापण्यांत फट राहत असेल आणि वर पंखा किंवा समोर कूलर असेल, तर कोरडेपणाचे मूळ तेथेच सापडते. रुग्ण स्थूल असून मोठ्याने घोरत असेल, तर सैल झालेली वरची पापणी झोपेत उशीवर उलटून घासली जाते. अशा रुग्णाच्या श्वसनाचीही तपासणी करून घ्यावी.

डोळ्यात जाणवणारी प्रत्येक वेदना डोळ्याची नसते, हेही ध्यानी असावे. रोज रात्री ठराविक वेळी एका डोळ्यामागे असह्य शूल उठणे, तो पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकणे, त्याच बाजूचे नाक वाहणे आणि रुग्णास पडून न राहवता येरझारा घालाव्या लागणे हे क्लस्टर हेडेकचे चित्र आहे. शूलासह दृष्टी धूसर होणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, उलटी होणे ही लक्षणे असतील, तर डोळ्यातील दाब अकस्मात वाढल्याची शंका घ्यावी व त्याच रात्री नेत्ररुग्णालय गाठावे. अधिमंथाची उपेक्षा झाल्यास दृष्टी किती रात्रींत नष्ट होते, याची दोषानुसार गणना सुश्रुताचार्यांनी दिली आहे. कफज अधिमंथास सात, वातजास सहा, रक्तजास पाच रात्री आणि पित्तज तर तत्काळ. ‘आठ दिवस औषध घेऊन पाहा’ हे वाक्य येथे आपल्या शास्त्रालाही मान्य नाही.

सुश्रुतोक्त शुष्काक्षिपाकाचे लक्षण या संदर्भात पुन्हा वाचावे. वर्त्म दारुण व रूक्ष, दृष्टी आविल आणि ‘प्रतिबोधन’ समयी अधिक त्रास. या शब्दाने डोळा उघडणे हा अर्थ घेतला जातो. मूळ अर्थ जागे होणे असाही आहे. हा व्याधी म्हणजेच वर वर्णिलेला विकार, असा दावा मी करीत नाही. असे एकास एक जुळविणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करते. मात्र रूक्षता, वात आणि जागृतीचा क्षण यांचा संबंध आचार्यांनी टिपला होता, हे निर्विवाद. घृतपान, जीवनीय घृताचे तर्पण, अणुतैलाचे नस्य ही त्यांची स्नेहप्रधान दिशा रूक्षतेच्या अवस्थेत आजही विचारार्ह आहे.

परंतु क्रम चुकता कामा नये. थर सोललेला असताना तर्पण, अंजन, मध किंवा घरगुती काजळ डोळ्यात घालणे म्हणजे उघड्या व्रणात जंतूंना वाट करून देणे होय. प्रथम नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पवर रंजकद्रव्य घालून तपासणी व्हावी, शक्यतो वेदनेच्याच सकाळी. रात्री घालावयाचे निर्जंतुक स्निग्ध मलम, जागे होताच डोळे न उघडता बुबुळ हलके फिरवून मग सावकाश पापणी उघडणे, वाऱ्याचा थेट झोत टाळणे हे साधे उपाय अनेकांस पुरतात. वेदना थांबल्यावरही मलम काही महिने चालू ठेवावे लागते, कारण थर पक्का बसण्यास तेवढा अवधी लागतो. न पुरल्यास विशिष्ट लेन्स व लेसरपर्यंतचे उपाय तज्ज्ञांकडे आहेत.

औषधालयाच्या मालकबंधूंना एक विनंती. हा रुग्ण बहुधा प्रथम आपल्याच काउंटरवर येतो. ‘डोळा दुखतो, थेंब द्या’ म्हणताच स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. पानाच्या किंवा काडीच्या इजेनंतर बुरशीचा संसर्ग असल्यास ते थेंब डोळा घालवू शकतात. दीर्घकाळ वापराने काचबिंदू होतो तो वेगळाच. बधिर करणारे थेंब तर घरी मुळीच देऊ नयेत. त्यांनी वेदना लपते आणि जखम भरत नाही. आयुर्वेदिक नेत्रबिंदूही उघडल्याची तारीख न पाहता महिनोन्महिने वापरले जातात, तेही ग्राहकास सांगावे.

रुग्ण दुसरीकडे पाठविला तर तो परत येणार नाही, असे काही वैद्यमित्र बोलून दाखवितात. माझा अनुभव निराळा आहे. ज्याची तक्रार प्रथमच कोणी पूर्ण ऐकून घेतली, तो रुग्ण परत येतो आणि घरच्यांनाही आणतो. आपल्या संघटनेने वरील प्रश्नांचे एक पानी पत्रक मराठीत छापून प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात ठेवावे आणि प्रत्येक तालुक्यात एक शालाक्यतज्ज्ञ व एक नेत्रतज्ज्ञ यांच्याशी रीतसर संपर्क ठेवावा, अशी सूचना मी करतो. येत्या सभेत त्यावर विचार व्हावा.