हिंसेचा गल्ला

१ डिसेंबर २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘ॲनिमल’ या हिंदी चित्रपटाने ‘केवळ प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र असूनही जगभरात सुमारे ९०० कोटी रुपयांचा गल्ला जमविला. आमच्या मते हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. त्यामागे व्यापाराचे गणित आहे. प्रचंड भांडवलाची वसुली पहिल्या काही दिवसांतच व्हावी लागते, तीही अनेक भाषांच्या प्रेक्षकांकडून. विनोद भाषांतरात फिका पडतो; कुऱ्हाडीला भाषांतर लागत नाही.

‘मार्को’ या २०२४ च्या मल्याळम चित्रपटाला अतिहिंसेमुळे दूरचित्रवाणीचे दार २०२५ मध्ये बंद झाले. परंतु तोवर चित्रपटगृहांतील कमाई पदरात पडली होती. नियम असे उशिरा पोहोचतात. प्रेक्षक मात्र पहिल्याच दिवशी तिकीट खिडकीपाशी असतो.

म्हणूनच पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘विजिलांती कुरा’ या विश्वपत्रात, नीतीला बाधक चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा श्रद्धावंतांकडून दरवर्षी घ्यावी, असे धर्मगुरूंना सांगितले. बंदीची मागणी करणे सोपे आहे. पण आपण घेतलेले तिकीट हेच पुढील चित्रपटाचे भांडवल ठरते, याचे भान आपण प्रत्येक कुटुंबात जागवू या.