यात्रेची गाडी आणि गॅसची टाकी



कारखान्याचा पट्टा पडला आणि उसाचं पेमेंट हाती आलं, की आपल्या भागातून गाड्या निघतात. कुणी पंढरपूर-तुळजापूर-गाणगापूर करतो, कुणी काशी, कुणी थेट चारधाम. एक टेंपो ट्रॅव्हलर, सोळा-सतरा माणसं, एक आचारी, पिठाचे डबे, तेलाचा डबा, आणि मागच्या सीटच्या पाठीशी दोरीनं आवळलेली गॅसची लाल टाकी. आता काही हौशी तरुण मंडळी जुनी गाडी घेऊन तिच्या पोटातच ओटा, बिछाना, शेगडी असा संसार मांडू लागली आहेत. त्यास कॅम्पर म्हणतात. राज्य शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात २०२७ सालचा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ. कोपरगावाहून नाशिक म्हणजे दोन-अडीच तासांची वाट. तेव्हा चाकावरचे हे स्वयंपाक वाढणार, कमी होणार नाहीत.

वाढू देत. यात्रेला जाऊ नका किंवा हॉटेलातच जेवा, असं सांगण्याचा आमचा विचार नाही. घरचा स्वयंपाक स्वस्त पडतो, म्हाताऱ्या माणसांना सोसतो, आणि पिठलं-भाकरीची सर ढाब्यावरच्या भाजीला येत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की माणसं आणि भरलेली टाकी ही दोन्ही एकाच बंद डब्यात बसवू नयेत. आज सर्रास तेच चाललं आहे.

२६ ऑगस्ट २०२३ ची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. उत्तर प्रदेशातल्या यात्रेकरूंचा एक खास डबा दक्षिणेत मदुराईच्या रेल्वे यार्डात उभा होता. पहाटेची वेळ. डब्यात नियम मोडून गॅसची टाकी आणलेली होती, तिच्यावर चहा करायला घेतला, आणि आग लागली. नऊ माणसं गेली. रेल्वेत असा पदार्थ नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या एस.टी.चा कंडक्टरही टाकी चढवू देत नाही, मग कितीही हुज्जत घाला. मात्र खाजगी गाडी भाड्यानं ठरवली, की आपणच कंडक्टर आणि आपणच रेल्वे! तिथं विचारणारा कोणी नाही, म्हणून टाकी बिनबोभाट आत जाते.

आता हा गॅस कसा वागतो ते थोडं समजून घेतलं पाहिजे. टाकीत असतो तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण, दाबाखाली पातळ करून भरलेलं. बाहेर पडला की तो सुमारे अडीचशे पट फुगतो. आणि तो हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. धूर वर जातो, तसा हा वर जात नाही. पाटाचं पाणी जसं सखल वाफ्यात जाऊन साठतं, तसा तो गाडीच्या तळाशी, सीटखाली, बिछान्याखाली पसरून बसतो. त्यामुळे ‘खिडक्या उघड्या होत्या की’ हे म्हणणं फारसं कामाचं नाही. खिडकी असते कमरेच्या वर, आणि गॅस असतो घोट्यापाशी.

हवेत शंभरात दोन भाग गॅस झाला की ठिणगी पुरते. ट्रॅव्हलरच्या आतली जागा दहा-बारा घनमीटर धरली, तर हिशेबानं सगळी गाडी भरायला अर्धा किलोच्या आसपास गॅस पुरतो. घरगुती टाकीत तो १४.२ किलो असतो. हिशेब ज्याचा त्यानं करावा. ठिणगीसाठी काडीच ओढावी लागते असंही नाही. आतला दिवा लावायचं बटण, पंखा, मोबाईल चार्ज करायला जोडलेली वायर, काहीही चालतं. कारखान्याच्या डिस्टिलरीच्या फाटकाशी काड्यापेटी काढून घेतात, त्याचा आपल्याला राग येत नाही. मग आपल्याच गाडीत इतकं ढिलं का?

वास येईल की, असं कोणी म्हणेल. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम घालतात. पण झोपलेल्या माणसाला वासानं जाग येईलच याचा भरवसा नाही. आणि नाक सरावतंही. मळीचा वास कारखान्यात रोज असणाऱ्याला कुठं येतो? पाहुणा आला की त्याला येतो.

घरातली टाकी आणि गाडीतली टाकी यांत आणखी एक फरक आहे, तो आपण विसरतो. घरची टाकी ओट्याखाली महिनाभर हलत नाही. गाडीतली टाकी येवल्यापर्यंतच शेकडो हादरे खाते. रेग्युलेटर सैल होतो, नळी पत्र्याच्या कडेवर घासते, तोटीवरची क्लिप निसटते. म्हणून गाडी चालू असताना रेग्युलेटर काढलेला आणि टाकीच्या तोंडावर टोपण घट्ट बसवलेलं, ही पहिली शिस्त. ते पांढरं टोपण आपण घरी आणल्या दिवशीच हरवतो, हा भाग वेगळा.

टाकी आडवी ठेवणं तर अगदी वाईट. उभ्या टाकीत खाली पातळ आणि वर वायू असतो, आणि व्हॉल्व्ह वर असल्यामुळं वायूच बाहेर येतो. आडवी केली की पातळ गॅसच रेग्युलेटरात शिरतो, आणि शेगडीवर हातभर भडका उठतो. ‘शेवटचा गॅस निघावा’ म्हणून आचारी टाकी लोळवतात, ते याच कारणानं धोक्याचं. थंड मुलखात हा मोह फार होतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास उकळायचं थांबतं, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं. आपल्या टाकीत ब्युटेनचा वाटा मोठा. त्यामुळं कोपरगावच्या उन्हात फर्रर्र जळणारी शेगडी बद्रीनाथला पहाटे मिणमिण करते. टाकी बिघडलेली नसते. पण तिथं लोक टाकीवर उकळतं पाणी ओततात. काही महाभाग तिच्याखाली जाळ करतात! त्यापेक्षा ऊन चढेपर्यंत थांबावं, चहा तासभर उशिरा प्यावा.

परदेशात जिथं थंडी कडक आणि फिरती घरं पुष्कळ, तिथं निव्वळ प्रोपेन वापरण्याची रीत आहे. पण आपल्याला घेण्यासारखी गोष्ट दुसरीच. तिथं टाकीला वेगळी खोली देतात. गाडीच्या अंगात पत्र्याची एक पेटी. तिचं दार बाहेरून उघडतं, आतल्या बाजूला एकही भोक नाही, आणि तळाला मोठी भोकं, थेट रस्त्याकडं. गळला तर गॅस जड असल्यामुळं आपोआप खाली उतरून उघड्यावर जातो. ज्या गुणानं तो माणसाला मारतो, त्याच गुणानं त्याला बाहेर काढायचा, अशी ही साधी युक्ती. आपल्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याला ती अर्ध्या दिवसात करता येईल. पेटीत टाकी उभी, दोन ठिकाणी पट्ट्यानं जखडलेली. सायलेन्सर आणि बॅटरी यांपासून पेटी लांब. आत दिवा नाही, वायर नाही. तळाची भोकं चिखलानं बुजत नाहीत ना, हे पावसाळ्यात रोज पाहायचं.

ज्यांना गाडीच्या आतच कायमची शेगडी हवी, त्यांचं काम इथं संपत नाही. पेटीपासून शेगडीपर्यंत धातूची नळी हवी, ती जागोजाग क्लॅम्पनं बांधलेली, आणि पत्र्यातून जिथं जाते तिथं रबरी रिंग घातलेली. रबरी नळी फक्त शेवटी हातभर, तीही आय.एस.आय. शिक्क्याची केशरी, पाच वर्षांच्या आतली. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळते, तीच घ्यावी. प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहावा. काडी ओढून गळती शोधणारे शूर आपल्याकडे अजून आहेत, त्यांना गाडीजवळ येऊ देऊ नये. आणि रात्री ऊब यावी म्हणून शेगडी चालू ठेवून, काचा लावून झोपू नये. बंद जागेत हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला तर वासही नसतो. माणूस झोपेतच जातो. शिवाय गाडीच्या रचनेत असा बदल आर.टी.ओ.च्या परवानगीवाचून करता येत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी हा प्रश्न पहिला काढते.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, एवढा व्याप कोण करतो? खरं आहे. म्हणून यात्रेच्या गाड्यांसाठी आमचा सल्ला सोपा आहे: गाडीत शेगडी पेटवूच नका. टाक्या, भांडी, शिधा यांचा टेंपो वेगळा आणि उघडा. माणसांची गाडी वेगळी. मुक्कामाला पोचलं की ताडपत्रीखाली, मोकळ्या जागी स्वयंपाक. दिंड्यांत ही पद्धत आहेच, सामानाचा ट्रक पुढं जातो. फक्त होतं काय, की दुपारी दमलेली म्हातारी माणसं त्याच ट्रकात बसतात, आणि रात्री पाऊस आला की भजनी मंडळी टाक्यांना टेकून झोपतात. दिंडीचालकांनी एवढं कडक केलं पाहिजे. ‘आजवर काही झालं नाही, पांडुरंग पाहतो’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. पांडुरंगानं रेग्युलेटर तपासावा ही अपेक्षा जरा जास्तच होते.

इथवर आपल्या हौसेचं झालं. आता जे नाइलाजानं गाडीत संसार घालून येतात, त्यांच्याकडं वळू. ऊसतोडीची टोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते, ती भांडी, पोरं, शेळ्या आणि हल्ली गॅसची टाकी यांसह. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर पुष्कळ घरांत गॅस गेला. तो कोपीतही आला, हे चांगलंच झालं. धुरात डोळे जाळीत पहाटे तीनला भाकरी थापणाऱ्या बाईला तुम्ही परत चुलीकडं जा म्हणणारे आम्ही कोण? पण कोपी असते पाचटाची आणि प्लॅस्टिकची. आत पोरं झोपलेली. टाकीचं कनेक्शन गावाकडचं, बीड-पाथर्डीकडचं. इथं भरून घेण्यात अडचण येते. मग बाजारातली ती बारकी टाकी येते, जिच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला असतो. ती मोठ्या टाकीतून उलटी करून चोरून भरतात. हे भरणं बेकायदा आहे, आणि आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका तोच आहे.

याला उपाय आहे. तेल कंपन्यांची पाच किलोची छोटी टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळते. तिला व्हॉल्व्ह आणि शिक्का असतो, बदलूनही मिळते. टोळीला उचल देताना शेतकी खात्यानं कोयता-ताडपत्रीबरोबर या टाकीची सोय का करू नये? हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक कोपीवरची नळी पाहून जुनी असेल ती कारखान्याच्या खर्चानं बदलावी. टाकीच्या गळ्यावर बी-२७ असं काही लिहिलेलं असतं, ती तपासणीची मुदत: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढं साल. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये, हे मुकादमाला एकदा समजावून सांगितलं की पुरे. गॅसची चूल कोपीबाहेर, वाऱ्याला आडोसा करून मांडावी, आणि त्या आडोशाचा पत्रा आपण सभासदांनी द्यावा. टोळी आपल्याच बांधावर उतरलेली असते, आणि तोडते आपलाच ऊस. गळतीची तक्रार १९०६ या नंबरवर करता येते. तो नंबर शेतकी खात्याच्या स्लिपांवर छापायला काही खर्च येत नाही.

राहिली ती पत्र्याची पेटी. कारखान्याच्या वर्कशॉपात भंगाराचा पत्रा पडून असतो आणि वेल्डर आपल्या पगारावर आहेत. ऑफ सीझनला ओव्हरहॉलिंगचं काम असतं, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही नमुन्याच्या दोन पेट्या, एक यात्रेच्या टेंपोसाठी आणि एक ट्रॉलीच्या मागं टांगण्यासाठी, तयार करून फाटकाशी ठेवाव्यात. ज्याला हवी त्यानं माप घेऊन गावात करवून घ्यावी, किंवा मजुरी भरून इथंच. येत्या वार्षिक सभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. ज्या सभासदांची गाडी यंदा यात्रेला जाणार आहे, त्यांनी अनुमोदनाला सभेस यावं. साखरेचं कूपन घेऊन पहिल्या तासातच निघून जाऊ नये.